काकांना दिलेलं उत्तर

मंडळी, काकांच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात. मदनभिया आणि काकांचे मिलमधले बाकी सोबती आले, गल्लीतले आले, तुकोगंजहून माझे गाईड सरही आले. मला चारचौघांत बोलायची सवय नाही. कागद लिहून आणलाय. चुकलं तर सांभाळून घ्या.

मला काकांनी शिकवलं. लहानपणी मी सारखी आजारी असायची, म्हणून चौथीपर्यंत माझी शाळा घरातच झाली. काका मिलच्या साचेखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणतात तिथे, मास्टर. सकाळपाळी करून आले की जेवणाआधी मला घेऊन बसायचे. पाटी कमी, कापड जास्त. कापडावर भिंग ठेवायचं आणि एका इंचातले धागे मोजायचे, उभे आणि आडवे. मी भिंग नेहमी मधोमध ठेवायची. ते म्हणायचे, "मधलं कापड सगळेच मोजतात, बेटा. काठाशी मोज. गडबड तिथे असते."

मग मिल बंद झाली. काका घरी बसले. तोवर मी कॉम्प्युटरवर सूर्याचं काम करू लागले होते. मदनभिया, आठवतं ना, आमच्या ओट्यावर तुम्ही काय म्हणाला होतात? "मास्टरजी, भतीजी सूरज बुन रही है, हमारे लिए भी एक थान निकलवा दो!" आणि काका म्हणाले, "पहले माल पास तो होने दो, भिया." मिल बंद झाल्यावर त्या दिवशी काका पहिल्यांदा हसले.

काकू, माझं काम काय ते तुम्हालाही कधी नीट सांगितलं नाही. सूर्याभोवती फार तापलेलं, विरळ वातावरण आहे. खग्रास ग्रहणात दिसतं ते तेजोवलय. त्यात तापलेल्या वायूच्या कमानी असतात. कॉम्प्युटरला अख्खी कमान कळत नाही. तिचे तुकडे करून द्यावे लागतात, आणि एकेका तुकड्याचं तापमान काढावं लागतं. तुकडे बारीक केले तर गणित खरं होतं, पण मशीन फार दिवस अडकून पडतं. आमच्याकडे मशीनवर सगळ्यांच्या पाळ्या लागलेल्या. म्हणून मी तुकडे मोठे ठेवले.

गेल्या महिन्यात काकांनी अंथरुणावरून माझा आलेख मागितला. भिंग लावून पाहिला.

"या दोन ठिपक्यांच्या मधे काय आहे?"

"रेघ आहे, काका."

"ती तू ओढलीस, की सूर्यानं?"

मग त्यांनी विचारलं, "तुकडे दुप्पट बारीक करून पाहिलेस? उत्तर हललं तर नाही ना?"

मी म्हणाले, "पाहिलं. नाही हललं."

मी पाहिलं नव्हतं.

का म्हणाले मी तसं? प्रबंध द्यायची तारीख आली होती. ते थकले होते. मीही थकले होते. ही काय कारणं झाली? ते "शाबास" म्हणाले आणि डोळे मिटून पडले. त्यानंतर आमचं कामाबद्दल बोलणं झालंच नाही.

ते गेल्यावर चौथ्या दिवशी मी ते गणित लावलं. काल उत्तर आलं. हललं. थोडं नाही, खूप हललं. कमानीच्या पायथ्याशी एक अगदी पातळ थर असतो, तिथे तापमान एकदम चढतं. तो अख्खा थर माझ्या एका तुकड्यात हरवला होता. त्यामुळे खालून जितका वायू वर यायला हवा, तितका येतच नव्हता. माझी कमान खऱ्यापेक्षा विरळ निघत होती. चौथ्या प्रकरणातला एकही आकडा टिकत नाही.

सर, हे मी तुम्हाला अजून सांगितलं नव्हतं. इथे, सगळ्यांसमोर सांगतेय, कारण उद्या तुमच्या खोलीत आले तर पुन्हा काहीतरी सोपं बोलून जाईन. मला माझीच खात्री नाही. प्रबंध या महिन्यात देता येणार नाही. दुप्पट करून उत्तर हललं. चौपट करून पुन्हा हलेल का? कुठे थांबेल? मला माहीत नाही. फार भीती वाटतेय.

पण काका ज्याला शाबास म्हणून गेले, ते काम मी केलेलंच नव्हतं. ती शाबासकी माझी नाही. मी ती परत करते.

काका, नमस्कार करते.

मंडळी, आता दोन मिनिटं सगळे उभे राहूया. कुणी काही बोलू नका. मलाही काही म्हणू नका.