ठरवलेलं नाव

—नाही नाही, उठू नकोस, बस कुठे आलीय अजून, बस खाली. आणि समोरच्या तोमासाच्या गाडीकडे बघून मला लाजवू नकोस— रांग तिच्याकडे, माशा माझ्याकडे. का म्हणून काय विचारतेस? तिच्याही पुपुसा मक्याच्या पिठाच्याच, आत तेच चीज, तोच राजमा. हात वेगळे. या गावात माझ्या हातचं कुणी खात नाही, पोरी. तू परगावची, म्हणून बसलीस. खा की, नुसता कोबी चिवडतेयस मघापासून. आणि तो पोटावरचा हात काढ— लोक बघतात. दुखतंय? सकाळपासून? राहू दे, मला काही सांगू नकोस. मीच सांगते.

मला एदुवी म्हणतात. समोरचे दुसरंच काहीतरी म्हणतात, ते जाऊ दे. तेव्हा मी कॉफीच्या मळ्यावर कामाला जायची. दिवस गेलेत हे मला कळलंच नव्हतं— अशी बघू नकोस, पाळी माझी कधी धड वेळेवर नव्हतीच, काय कळणार? एक दिवस संडासात कळ आली नि शुद्धच गेली. आईनंच धावत जाऊन गाडी आणली. जीव वाचवायला नेलं गं तिनं मला दवाखान्यात. जाग आली तर हाताला बेडी, बेडी खाटेला, नि शेजारी पोलीस. मूल कुठंय विचारत होता— कुठलं मूल? मला तर… आणि आई, बिचारी, मला सोडवायला म्हणून शपथेवर सांगून बसली, की पोट आहे हे हिनं घरात कुणालाच सांगितलं नव्हतं. झालं. सरकारी वकील म्हणाला, बघा, लपवत होती, म्हणजे मूल मारायचंच होतं हिला. पोट पडलं तर इथे खून धरतात— तीस वर्षं दिली. गळ्यात हिरवे रुमाल बांधून, पोट पडणं हा गुन्हा नाही म्हणत बायका राजधानीत ओरड ओरड ओरडल्या, तेव्हा अर्ध्यावर सोडलं. चांगल्या बायका, मला मिठ्या मारल्या, माझ्यासोबत रडल्या. पण त्या राहतात राजधानीत. मी इथे राहते. आई तोवर गेली होती.

ऐकतेयस ना? बाकावर डाग पडलाय— घाबरू नकोस, इकडे बघ, माझ्याकडे. दवाखान्यात जायचंच. भीतीनं न जाता मेलेल्याही माहितीयत मला. पण एकटी नको, मावशीकडे निघालीस ना, तिला घेऊन जा. मी? मी आले असते गं, ही चूल विझवून आत्ता आले असते. पण मी शेजारी दिसले तर तुझं कोण ऐकणार? विचारतील, मूल हवं होतं का— हवं होतं म्हण. विचारतील, नाव काय ठरवलं होतं— तिथे अडखळायचं नाही. नाव ठरवलेल्या बाईवर जरा तरी विश्वास ठेवतात. मला विचारलं, तेव्हा माझ्याकडे नव्हतं. मग ठेवलं, आत, तुरुंगात. मनातल्या मनात. तुझ्याकडे आहे? नाही ना. मग माझं घे. ओरालिया. म्हण बघू. अगं मोठ्यानं— दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलंच नाही मी ते अजून. पुन्हा म्हण.

हं.

बस आली. हा माझा ॲप्रन घे, मागून बांध. ताट राहू दे तिथंच. जा आता— आणि इथे बसली होतीस, हे कुणाला सांगू नकोस.