अठरा सफरचंदं आणि एक नासपती

मावशी : हे बघ, हे पण झोपलं. हे पण! चारशे कार्नेशनची फुलं, आणि एकाची मान ताठ नाही. छत्र्या मिटाव्यात तशी मिटलीत मेली. आठवड्यातली ही तिसरी खेप.

भाची : मावशी, लग्न संध्याकाळी आहे. मी पाणी बदलते, देठ पुन्हा कापते...

मावशी : काल कापलेस. परवा कापलेस. आता देठ कापायचं म्हटलं तर फुलंच उरायची हातात! शेवटचं सांगते, आजचं लग्न हातचं गेलं की दुकानाची किल्ली मालकाला देऊन मी मोकळी. रोज सकाळी उठून फुलांची मयतं उचलायचं माझं वय नाही.

भाची : दुकान सोडायचं? मावशी, असं नको ना बोलूस.

फळवाला : येऊ का आत?

मावशी : या. तुमचीच कमी होती.

फळवाला : नाही, भिंतीपलीकडे सगळं ऐकू येतं, म्हणून म्हटलं... आणि हे सफरचंद. आजचं.

भाची : अय्या, रोज रोज कशाला! द्या.

मावशी : इथे दुकान बुडतंय आणि ही दोन्ही हात पुढे करून फळ घेतेय.

फळवाला : थांबा हं. ते फूल बघू जरा. पाकळ्यांच्या कडा आत वळल्यात. डाग नाही, बुरशी नाही. मावशी, हे पाण्यामुळे झालेलं नाही. ही फुलं म्हातारी झालीत.

मावशी : म्हातारी? परवाच पहाटे उतरवून घेतलीत मी!

फळवाला : हो, पण कोणीतरी त्यांना सांगितलं की वेळ झाली. इथिलीन! गॅस असतो तो. नाकाला पत्ताही लागणार नाही इतका थोडा पुरतो. मी दिवसभर पिकवणीच्या खोलीत दुसरं काय करतो? कच्च्या केळ्यांवर तोच तर सोडतो. केळी ऐकतात आणि पिकतात, तुमची फुलं ऐकतात आणि मिटतात. झाडाला पाय नाहीत ना, मावशी! पाणी आटलं, किडा चावला, तर पळणार कुठे? मग आतल्या आत काहीबाही तयार करायचं आणि अंगभर निरोप धाडायचे. पान कडू कर, फळ लवकर पिकव, फूल आवरतं घे. आणि गंमत म्हणजे शेजारच्यालाही कळतं!

मावशी : म्हणजे आमच्या थोरल्या जाऊबाईच. तोंडातून अक्षर काढायचं नाही, पण घरभर कळलं पाहिजे.

फळवाला : अगदी!

मावशी : मग तुमच्याच खोलीतून झिरपत असेल मेला.

फळवाला : छे हो, माझी खोली हवाबंद आहे. नाहीतर माझीच केळी कच्ची राहतील. तुमच्या कोल्ड रूममध्येच काहीतरी पिकतंय. बघू?

भाची : नको!

मावशी : का गं?

भाची : म्हणजे... गारवा जाईल सगळा.

मावशी : सरक बाजूला.

(कोल्ड रूमचं दार उघडल्याचा आवाज. बादल्या सरकवल्याचा आवाज. मग पोतं ओढल्याचा आवाज.)

फळवाला : मावशी... गुलाबांच्या मागे, ओल्या पोत्याखाली... ही तर माझीच सफरचंदं आहेत.

मावशी : किती?

फळवाला : अठरा. आणि प्रत्येकावर तारखेची चिठ्ठी.

मावशी : रोज मला सांगायचीस, खाल्लं, गोड होतं!

भाची : नाही खाववलं गं.

फळवाला : आणि ही नासपती? मी नासपती कधी दिली? अकरा तारीख लिहिलीय. अकराला मी तापाने पडलो होतो, आलोच नव्हतो.

भाची : म्हणून मीच आणली. मधला दिवस रिकामा बरा दिसेना.

फळवाला : कोणाकडून आणलीत?

भाची : समोरच्याकडून.

फळवाला : समोरच्याकडून! अहो, त्याची नासपती म्हणजे नुसतं लाकूड!

मावशी : मुद्दा काय, तुमचं चाललंय काय!

फळवाला : हो, हो. आणि हे बघा, हे चावलेलं. सगळा उपद्व्याप याचा. जखम झाली की फळ भराभर गॅस सोडतं, आणि त्याच्या नादाने बाकीचीही सुटतात. कोणी चावलं हे?

भाची : मी. रागाने.

फळवाला : सफरचंदावर राग?

भाची : त्या दिवशी औषधाच्या दुकानातल्या त्या बाईंनाही दिलंत ना एक? हसत हसत. आणि त्यांचं माझ्यापेक्षा मोठं होतं.

फळवाला : अहो, ती माझी सख्खी वहिनी आहे!

भाची : वहिनी?

फळवाला : दोन मुलांची आई! घरी रोज ताट वाढते मला!

मावशी : अगं बाई गं! म्हणजे त्यांच्या वहिनीवर रुसून तू चारशे फुलांचा जीव घेतलास?

भाची : हसू नकोस ना, मावशी!

मावशी : हसू नको तर काय करू? ते स्टूल दे आधी, उभं राहवत नाही मला.

फळवाला : ऐका. हे दार उघडं टाका, पंखा लावा. घट्ट कळ्या तेवढ्या बाजूला काढा, त्या बहुतेक उमलतील. बाकीची फुलं मी बाजारातून आणतो, दोन तासांत. गाडीत एकही केळं नाही, शपथ! संध्याकाळचं लग्न कुठे जात नाही.

मावशी : आणि दुकानही जात नाही मग. पण ही सफरचंदं?

फळवाला : ती मी घेऊन जातो.

भाची : सगळी?

फळवाला : एक जरी राहिलं तरी पुन्हा तेच होणार.

भाची : मग न्या. हे आजचंही न्या.

फळवाला : उद्यापासून आणणार नाही.

भाची : बरं.

फळवाला : म्हणजे... मग यायला तसं काही कारण उरत नाही.

मावशी : मी पंखा शोधते हं, मागच्या खोलीत. सापडायला वेळ लागेल. चांगलाच लागेल.

भाची : अहो...

फळवाला : हं?

भाची : मला सफरचंद आवडतच नाही. पहिल्या दिवसापासून. तुम्ही नुसते या.