पिशवीतली रोमन नाणी

इंग्लंडमधल्या सॉमरसेटच्या बसमध्ये एनिडच्या पुढच्या बाकावर दोन म्हातारे बसले होते. खिडकीशी रूफस, त्याच्या मांडीवर जड पिशवी. शेजारी क्लेमेंट. बोलत होते हळू, पण तिला सगळं ऐकू येत होतं.

“पिशवीत काय आहे, रूफस?”

“तेच. काल संध्याकाळी एकटाच गेलो आणि काढलं.”

“शेतात धातू शोधायचं यंत्र वाजलं, मडक्याचा काठ दिसला, तेव्हा काय ठरलं होतं आपलं? हात लावायचा नाही, आधी संग्रहालयाला कळवायचं.”

“आणि तोवर दुसऱ्या कुणी उचललं असतं म्हणजे?”

“मडकं कुठंय?”

“फुटलं. कुदळ लागली. पण नाणी सगळी आहेत. राजांचे चेहरेसुद्धा दिसतात, क्लेम.”

“दीड हजार वर्षं अख्खं राहिलं रे ते! आणि तू बटाटे उपटावेत तसं उपटलंस!”

“ओरडू नकोस. ब्रिस्टलचा एक जण घेतो, काही विचारत नाही. निम्मं तुझं.”

“मी सकाळीच फोन केलाय. संग्रहालयाच्या बाई शेतावर पोचल्यासुद्धा असतील.”

“माझं नाव सांगितलंस?”

“दोघांचं. दोघांना सापडलं ना?”

“ही पिशवी बघून मला चोर म्हणतील.”

“आज नेऊन दिलीस तर नुसतं मूर्ख म्हणतील. पुढे संग्रहालयापाशी उतरू, मी शेजारी उभा राहीन.”

रूफसने उठून घंटी दाबली. एनिडचा स्वतःचा थांबा केव्हाच मागे गेला होता. बस थांबली, दार उघडलं.

“कोण उतरतंय?” ड्रायव्हरने विचारलं.

रूफस पिशवी छातीशी धरून उभाच होता. क्लेमेंटने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“चुकून दाबली गेली,” रूफस खाली बसत म्हणाला. “चला.”