दोन्ही वायरी बॅटरीवर

वायरमन : …आणि बॅटरी म्हातारी झाली होती, हे खरंच आहे ना? मग तेवढंच लिही. खोटं कुठे लिहायला सांगतोय मी तुला?

मुलगी : बाबा, बॅटरी मेली हे खरं. पण एक बॅटरी मेली म्हणून अख्खा सर्व्हर बंद पडायला नको होता. त्याला दोन वायरी दिल्यात त्या कशाला?

वायरमन : वायरींचं पुराण मला नको सांगूस. एकतीस वर्षं या इमारतीतली वायर न् वायर मी ओढलीय.

मुलगी : तरी एकदा ऐका. सर्व्हरच्या पाठीला वीज घेणारे दोन डबे आहेत. एकाची वायर यूपीएसला, म्हणजे बॅटरीवर. दुसऱ्याची थेट भिंतीतल्या सॉकेटला. वीज गेली तर बॅटरी सांभाळते, यूपीएस बिघडला तर भिंत सांभाळते. काल वीज गेलीच नव्हती. यूपीएस महिन्यातून एकदा आपली आपण बॅटरी तपासतो. सकाळी सव्वादहाला तपासायला गेला आणि तिथेच बसला. आणि दोन्ही वायरी त्यालाच लावलेल्या.

वायरमन : मी लावल्या. हो. वैरी म्हणून नाही लावल्या.

मुलगी : असं कोण म्हणतंय?

वायरमन : तूच जेवताना म्हणाली होतीस, एक वायर बॅटरीवर आहे आणि एक नुसतीच भिंतीत. मग तू तापानं घरी पडलीस त्या आठवड्यात मी या खोलीत आलो. बघतो तर खरंच, एक बिचारी उघड्यावर पडलेली. म्हटलं, वीज गेली की पोरीच्या जिवाला घोर लागतो, दोघींनाही बॅटरीचं छप्पर देऊन टाकू. अर्ध्या तासाचं काम. वर सगळ्या वायरी दोऱ्यानं बांधून सरळ केल्या.

मुलगी : मला विचारायचं तरी.

वायरमन : तापानं फणफणलेल्या पोरीला सॉकेटचं विचारत बसू? नंतर सांगणार होतो, ते राहून गेलं. साहेब काय म्हणाले?

मुलगी : म्हणाले, चार वाजेपर्यंत अहवाल द्या. कारण लिहा 'जुनी बॅटरी', म्हणजे पुरवठादारावर जाईल. तुमच्या निवृत्तीला पाच महिने उरलेत, हेही न विचारता सांगून गेले.

वायरमन : भला माणूस. मग तुझं घोडं अडलंय कुठे? अकरा मिनिटं बंद होतं सगळं. आमच्या वेळी दोन-दोन दिवस वीज नसायची, तेव्हा नाही कुणी अहवाल लिहिले.

मुलगी : ही अॅम्ब्युलन्सची कंट्रोल रूम आहे, बाबा. इथे अकरा मिनिटं.

फोनवाल्या बाई : येऊ का गं आत? साहेबांनी माझाही जबाब मागितलाय, तुझ्याकडेच द्यायला सांगितला. अरे, मिस्त्री आहेत का? बरं झालं. तुम्हालाच विचारायचं होतं.

मुलगी : बाई, जबाब ठेवा ना इथे. मी वाचते नंतर.

फोनवाल्या बाई : थांब जरा. मिस्त्री, सकाळपासून जो तो म्हणतोय वीज गेली, वीज गेली. मला पटत नाही. माझ्या डोक्यावरचा पंखा फिरत होता. पंखा चालू असताना माझ्या पुढचा स्क्रीन काळा कसा पडतो?

वायरमन : तुमच्या फोनवर कोण होतं तेव्हा?

फोनवाल्या बाई : होती एक. नवरा स्वयंपाकघरात कोसळला होता. मी म्हटलं, फोन ठेवू नका, मी आहे इथे. तिनं रस्ता सांगितला, घराचा नंबर सांगत होती, तेवढ्यात आवाजच गेला. फोनही आमचे त्याच मशीनवर. मी बसले नुसता रिसीव्हर धरून. बावीस वर्षं हे काम करतेय, हातात काहीच नाही असं कधी झालं नव्हतं.

वायरमन : पुन्हा लागला का फोन तिचा?

फोनवाल्या बाई : मशीन सुरू झालं आणि पहिला तिचाच आला. नऊ वेळा लावला म्हणाली. ओरडली नाही, रडली नाही. मला म्हणाली, आता सावकाश आलात तरी चालेल.

मुलगी : बाई, बसा तुम्ही. पाणी देते.

फोनवाल्या बाई : नको गं. मला फक्त कळायला हवं. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, माझ्या हातून काही बटण दाबलं गेलं का, हेच डोक्यात. सांगा ना, मिस्त्री.

वायरमन : तुमच्या हातून काही झालेलं नाही. माझ्या हातून झालं. भिंतीतली वायर मी काढली होती. ती जागेवर असती तर तुमचा फोन चालू राहिला असता.

फोनवाल्या बाई : साहेबांना ठाऊक आहे हे?

वायरमन : ठाऊक आहे.

फोनवाल्या बाई : असं. मग माझा कागद घे बाई, मी जाते. आमच्या टेबलावर माणूस कमी आहे.

(बाई कागद ठेवून निघून जातात.)

वायरमन : लिहायला घे. माझं नाव लिही, हुद्दा लिही. न विचारता वायर बदलली, असं स्पष्ट लिही. तुझा काही संबंध नाही, तू घरी होतीस, तेही घाल.

मुलगी : तेवढं लिहिलं तर ते खोटं होईल.

वायरमन : का? होतीस ना घरी?

मुलगी : ताप उतरल्यावर सोमवारी आले मी कामावर. सर्व्हरचं कपाट उघडलं आणि पाहिलं. असा दोरा तुमच्याशिवाय कोण बांधतं? प्रत्येक गाठ बोटभर अंतरावर.

वायरमन : म्हणजे तुला माहीत होतं?

मुलगी : तीन आठवडे. दोन्ही वायरी एकाच यूपीएसला आहेत हे पहिल्या मिनिटाला कळलं होतं.

वायरमन : मग काढून पुन्हा भिंतीत का नाही लावलीस? एक पिन तर काढायची होती.

मुलगी : तुम्ही रोज कपाटात डोकावून जात होतात. काढली असती तर दिसलं असतं. मागच्या वर्षी साहेबांसमोर तुमच्या बोर्डातली चूक दाखवली, तर आठवडाभर माझ्याशी बोलला नव्हतात. आई मधल्यामध्ये निरोप्या झाली होती. म्हटलं, बाबा रजेवर गेले की गुपचूप बदलू. पण तुम्ही रजा घेतच नाही.

वायरमन : माझ्यासाठी ठेवलीस तशीच?

मुलगी : तुम्हाला वाईट वाटलं असतं.

वायरमन : वाटू द्यायचं होतंस गं.