लाल पुस्तकातली विहीर

बाई : पुस्तकं राहू द्या हो बाजूला! आधी उजेडात या. इकडे, खिडकीपाशी. हातपाय शाबूत आहेत ना?

डॉक्टर : अहो बाई, वाळवंट बघायला गेलो होतो, लढाईवर नाही. नाक तेवढं सोललंय.

बाई : आणि वहिनी? तुम्ही एकटेच कसे आलात वर?

डॉक्टर : खाली गाडी लावतेय. म्हणजे मी लावली होती, तिला ती वाकडी वाटली. म्हणून पुन्हा लावतेय.

बाई : पण सुखरूप आहे ना?

डॉक्टर : कोण, गाडी?

बाई : वहिनी हो, वहिनी!

डॉक्टर : ठणठणीत! बाई, तुम्ही रडताय की काय?

बाई : धूळ गेली डोळ्यात. कपाटं झाडायची राहिलीत. बसा तुम्ही.

डॉक्टर : माझ्या दवाखान्यातली मुलगी सांगत होती, ग्रंथालयातून रोज फोन येतोय. म्हटलं, पुस्तकांना जरासा उशीर झाला तर आता बाई दारात पोलीस उभा करणार.

बाई : तुमच्या त्या मुलीचं तर नावच काढू नका. मी जीव मुठीत धरून विचारतेय, डॉक्टरांची काही खबर आहे का? तर म्हणते, दाढ दुखत असेल तर मिठाच्या पाण्याने गुळण्या करा, डॉक्टर आल्यावर बघतील.

डॉक्टर : तयार केलीय मी तिला! पण एवढी काळजी कसली? परदेशात का गेलो होतो?

बाई : सांगते. आधी मला एक कळू दे. चार पुस्तकं दिली होती मी तुम्हाला.

डॉक्टर : झाली का परीक्षा सुरू!

बाई : परीक्षा नाही. प्रवासाला पुस्तक नेलं की परत घेताना मी विचारते. सगळ्यांनाच विचारते. नाहीतर पुढच्याला कशाच्या जोरावर सुचवायचं?

डॉक्टर : विचारा, विचारा. तयारी करून आलोय. चारही उत्तम होती. ते उंटवाल्याचं तर अप्रतिम.

बाई : उंटवाल्याचं नाही, उंटाच्या डॉक्टरचं. त्यात काय आवडलं?

डॉक्टर : उंट. उंट फार जवळून रंगवलेत. दात वगैरे.

बाई : आणि ते निळं, ताऱ्यांचं?

डॉक्टर : तारे काय हो तिथे! मूठभर घ्यावेत आणि खिशात टाकावेत.

बाई : हे पुस्तकात होतं की आकाशात?

डॉक्टर : दोन्हीकडे.

बाई : बरं. आता नीट आठवून सांगा. ते लाल कापडी बांधणीचं. जुन्या जमीन-मोजणीदाराचं. तुम्ही जाताना मी त्याच्यावर हात ठेवून काय म्हटलं होतं?

डॉक्टर : तुम्ही... वाचा म्हणालात.

बाई : मी म्हणाले, यातली विहीर चुकवू नका. पडक्या बुरुजापाशी रस्ता सोडायचा आणि टेकड्यांमधून पायी जायचं. गेला होतात तुम्ही त्या विहिरीवर?

डॉक्टर : म्हणजे काय! ती कशी चुकवीन? तुम्ही सांगितलं होतं ना!

बाई : गेलात?

डॉक्टर : गेलो! काय विहीर होती, बाई! भर उन्हात ते थंडगार पाणी. ओंजळीने प्यालो. इतकं गोड पाणी मी जन्मात...

बाई : प्यालात?

डॉक्टर : पोटभर. हिनेही. बाटल्यासुद्धा भरून घेतल्या.

बाई : डॉक्टर, ती विहीर बुजलीये.

डॉक्टर : कधी? आत्ता?

बाई : किती वर्षं झाली कोण जाणे! वरपर्यंत वाळू आहे तिच्यात, वाळू! तुम्ही निघालात आणि दुसऱ्याच दिवशी इथे एक गृहस्थ आले. तिकडे पाण्याच्या कामावर होते. त्या टेबलावर मी पाटी लावली होती ना, ‘वाळवंटात जाणाऱ्यांनी हे वाचा’, ती बघून हसले. म्हणाले, त्या लाल पुस्तकाच्या भरवशावर कुणाला पाठवू नका बरं का, तिथे आता थेंब नाही. माझ्या पायाखालची जमीनच सरकली हो. त्यात लिहिलंय, पाण्याचं ओझं नेऊ नका! मला सगळं पान पाठ आहे. आणि मी तुम्हाला म्हटलेलं, चुकवू नका. रोज पेपर उघडला की आधी अपघातांच्या बातम्या बघायची मी.

डॉक्टर : अरे बापरे.

बाई : आता खरं सांगा. गेला होतात?

डॉक्टर : नाही.

बाई : पुस्तक वाचलंत?

डॉक्टर : पहिलं पान वाचलं. मग डोळा लागला. म्हणजे दोनतीनदा सुरुवात केली, पण पुस्तक एवढं जाडजूड, उशाला इतकं नेमकं बसतं ना...

बाई : उशाला?

डॉक्टर : माफ करा. त्यातून वाळू पडेल थोडी, झटकून घ्या.

बाई : पडू दे! सांडू दे सगळ्या टेबलावर! देवा, किती बरं झालं! इतकी वर्षं या खुर्चीवर बसतेय, पण पुस्तक न वाचल्याबद्दल कुणाचे आभार मानायची वेळ आली नव्हती. मानते. मनापासून मानते.

डॉक्टर : मग बाकीच्या तिन्हींबद्दलही माना. तीही नाही वाचली.

बाई : त्याबद्दल तुम्हाला वेगळं बोलणार आहे. या वहिनी, या! बघू तुम्हाला. किती रापल्यात हो!

वहिनी : नमस्कार बाई. यांनी सगळं रंगवून सांगितलंच असेल.

डॉक्टर : मी काही...

वहिनी : बाई, यांना सांगा, मी तुमच्याशी बोलतेय.

बाई : हे काय आता?

डॉक्टर : बोलत नाहीये ती माझ्याशी. तिकडूनच. येताना अख्खा रस्ता तिथल्या भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरमार्फत संसार चालला. ‘दादा, मागे विचारा पाणी हवंय का.’ तो बिचारा रस्ता बघणार की आमचे निरोप पोचवणार?

वहिनी : तक्रार करायलाच आलेय मी. तुमच्याकडेच. कारण हे तुमच्या पुस्तकाच्या नावावर खोटं बोलले.

बाई : कुठल्या पुस्तकाच्या?

वहिनी : लाल. मी वाचलं ते, बाई. निघायच्या आधीच वाचलं होतं. त्या विहिरीचं पान वाचून मला राहवेना. म्हटलं, बाकी काही दाखवू नका, तेवढी विहीर दाखवा. आणि चालत जाऊ. दोघं. कुठेही गेलो तरी हे गाडीत बसून राहतात. तू बघून ये, मला सांग. धबधबा मी बघून यायचा, किल्ला मी चढून यायचा. वाटलं, एकदा तरी माझ्याबरोबर चालतील.

बाई : मग?

वहिनी : बुरुजापाशी गाडी थांबवली. ड्रायव्हर म्हणाला, मी या रस्त्याला नवीन आहे, मला विहीरबिहीर माहीत नाही. म्हटलं, आम्हाला माहीत आहे. मी उतरले. बुटांच्या नाड्या आवळल्या, डोक्याला रुमाल बांधला. तर हे आतून म्हणतात, थांब. मी पुढचं पान वाचलंय. त्यात लिहिलंय, या दिवसांत विहिरीभोवती विंचवांची वारुळं फुटतात, माणसाने तिकडे फिरकू नये.

डॉक्टर : वारुळं नव्हतो म्हणालो. बिळं म्हणालो.

वहिनी : मला झुरळ दिसलं तरी मी खुर्चीवर चढते, हे यांना पक्कं ठाऊक. बसले मुकाट्याने गाडीत. आणि संध्याकाळी तंबूत पुस्तक उघडलं. या कव्हरापासून त्या कव्हरापर्यंत चाळलं. बाई, अख्ख्या पुस्तकात विंचू औषधालासुद्धा नाही!

बाई : डॉक्टर, का केलंत असं?

डॉक्टर : नवीन बूट चावत होते. टाचेला हा एवढा फोड आला होता. आणि ऊन असं, की दात काढायला बसवलेल्या माणसालाही माझी दया यावी. नाही येत म्हणालो असतो तर ही एकटी निघाली असती. हिला ओळखत नाही का मी? म्हणून विंचू आणले.

वहिनी : ऐकलंत? टाचेसाठी! नुसतं सांगितलं असतं, पाय दुखतोय, तर मी का ओढत नेलं असतं यांना?

बाई : वहिनी, बूट घातलेत आणि रुमाल बांधलात म्हणालात. पाणी घेतलं होतं का बरोबर?

वहिनी : नाही. बाटल्या गाडीतच ठेवल्या. पुस्तकात लिहिलंय ना, पाण्याचं ओझं नेऊ नका, विहीर पोटभर पाजते.

बाई : ती विहीर बुजलीये, वहिनी. तिथे नुसती वाळू आहे.

(वहिनी खुर्ची ओढून बसतात. खाली रस्त्यावरून भंगारवाला ओरडत जातो.)

वहिनी : म्हणजे मी निघालेच होते.

बाई : माझ्या सांगण्यावरून.

डॉक्टर : आणि माझ्या थापेमुळे थांबलीस! बघ! मी उगीच का...

बाई : तुम्ही गप्प बसा. थापेचं कौतुक नको. त्या टाचेला मलम लावा रोज, तिचे उपकार आहेत तुम्हा दोघांवर.

डॉक्टर : फोड अजून आहे. बघता का?

बाई : नको. वहिनी, मी आता कुणाला पुस्तक सुचवत नाही. त्या टेबलावरची पाटी काढून टाकली. कुणी विचारलं, बाई, काय वाचू, की सांगते, कपाट समोर आहे, तुमचं तुम्ही बघा. माझा शब्द मला पेलवला नाही. हे लाल पुस्तकही आता आत टाकते, जुन्या गठ्ठ्यात.

वहिनी : टाकू नका.

बाई : अहो, जीव गेला असता तुमचा!

वहिनी : गेला नाही ना? बाई, विंचू शोधत मी ते दुसऱ्यांदा वाचलं. अर्ध्यात पोचले आणि विंचू शोधायचेच विसरले. तो माणूस आठ-आठ दिवस कुणाशी बोललेला नाही आणि विहिरीत पोहरा सोडतो, पाण्याचा आवाज ऐकतो आणि त्याला घरची आठवण येते. इतकं खरं कोण लिहितं? त्याच्या वेळी पाणी होतं, त्याने पाणी लिहिलं. खोटं यांनी लिहिलं. म्हणजे लिहिलंही नाही, नुसतं ठोकून दिलं.

डॉक्टर : माझं नाव आपलं दर वाक्याला आहेच.

वहिनी : त्या पानावर एवढंच लिहून ठेवा की विहीर बुजली आहे. आणि पाटी परत लावा. तुम्ही सुचवायचं सोडलंत तर आम्ही बघायचं कुणाकडे?

बाई : पुस्तकात लिहायचं? इथे पुस्तकात रेघ मारली तरी दंड आहे. मीच लावलाय.

वहिनी : मग दंड माझ्या नावावर मांडा. पेन द्या.

डॉक्टर : आण, मी लिहितो.

बाई : तुमचं अक्षर? ते वाचून माणूस भलत्याच वाळवंटात जाईल. वहिनी, तुम्ही लिहा. हे घ्या. ठळक लिहा, समासात. मी काही बघत नाहीये.

वहिनी : ‘विहीर बुजली आहे. पाणी बरोबर न्या.’ बास?

बाई : त्याखाली लिहा, ‘पण हे पान जरूर वाचा.’

वहिनी : लिहिलं.

बाई : माझ्या डोक्यावरचं ओझं उतरलं बघा. आज झोप लागेल. आणा ते पुस्तक, जागेवर ठेवते. पाटीही शोधते.

डॉक्टर : थांबा. ते पुन्हा माझ्या नावावर टाका.

बाई : कशाला? उशाला?

डॉक्टर : वाचतो. मरणार कुठे होतो ते तरी बघू दे!

वहिनी : बाई, यांना सांगा, पहिल्या पानावर झोप लागते.

डॉक्टर : बाई, हिला सांगा, बसून वाचीन. लाकडी खुर्चीवर.

बाई : मी कुणाला काही सांगणार नाही. निरोप्या नाही मी. पुस्तक घ्या आणि आपापसात काय ते बघा.

डॉक्टर : ए, ऐक ना. खरंच वाचतो. शप्पथ. पुढे गेल्यावर गडबडलो तर तू आहेसच.

वहिनी : मोठ्याने वाचा.

डॉक्टर : काय?

वहिनी : मोठ्याने वाचा म्हटलं. बुरुजापासून सुरू करा. तिथून पुढे दोघं जाऊ.