मधला झेंडा

सातासमुद्रापार लढाई चालू होती आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अमरावतीच्या बाजारात गाड्यांची रांग सकाळपासून हलत नव्हती. माझ्या पुढच्या गाडीच्या सावलीत मोर्शीचे नत्थुजी आणि पातूरचे बद्रुद्दीनभाई बसले होते. बद्रुद्दीनभाईंना जुन्या नाण्यांचा भारी नाद.

"हे पाहा नत्थुजी, रूमच्या, म्हंजे जुन्या रोमच्या बादशाचं तांब्याचं नाणं. एका अंगाले बादशाचं तोंड, दुसऱ्या अंगाले दोन शिपाई."

"असंच मले वावरात सापडलं होतं."

"शिपायाईच्या मधात झेंडे किती? दोन झेंड्यांची माह्यापाशी अकरा हायेत. एका झेंड्याचं बारा वर्षं झाली शोधून राहिलो."

"आता कसं सांगू? आमच्या रुख्मिणीनं ते राम-लक्ष्मण म्हणून देव्हाऱ्यात ठेवलं. सहा वर्षांपासून रोज चिंचेनं घासून राहिली."

"या अल्ला, चिंचेनं! मंग तोंड, अक्षरं?"

"काहीच नाही. सपाट चकती. आरशावानी चमकते."

"तिले थांबवलं काहून नाही?"

"देव घासू नको म्हणू?"

"मंग गेलं ते. आता कोणालेच समजणार नाही."

"तिले समजते ना. राम कुठं, लक्ष्मण कुठं, बरोबर त्याच जागी गंध लावते."

"सपाट चकतीवर?"

"हो. अन् मधात झेंड्याले हळद."

"हळदीचे ठिपके किती?"

"एक."

पुढची गाडी सरकली. बद्रुद्दीनभाई उठले नाहीत.

"पक्कं एकच?"

"रोज एकच."