उंबरविहिऱ्याला ठेवलेली बॅटरी

जबाब देणार : सुकदेव भाईदास बाविस्कर, वय ५१ वर्षे, धंदा – रिक्षावर भोंगा लावून जाहिरात फिरवणे, रा. चोपडा, जि. जळगाव.

पोलीस ठाण्यात बोलावल्यावरून मी समक्ष हजर राहून सांगतो की, मी वरील ठिकाणी पत्नी दिपमालासह राहण्यास आहे. लग्न, सभा, दशक्रिया, हरवलेली म्हैस, जे मिळेल ते मी गावोगाव पुकारतो. विजेचे दर कमी झाले म्हणून गेल्या महिन्यात दोन पक्षांनी वेगवेगळ्या सभा घेतल्या. दोघांचेही म्हणणे, आमच्यामुळेच झाले. दोन्ही सभांचा भोंगा मीच फिरवला. लाइट गेल्याची सभा अजून कोणी ठेवलेली नाही, ठेवली तर तीही मी फिरवीन.

दर कसे कमी झाले असे विचारल्यावरून सांगतो की, आता नवीन मीटर बसवले आहेत. दिवसा वीज वापरली तर सवलत, संध्याकाळी वापरली तर नाही. हे लोकांना सांगण्याचे काम एका ठेकेदाराने घेतले आहे. त्याचा सुपरवायझर हितेंद्र याने मला ठेकेदाराची बॅटरी आणि एक पेनड्राइव्ह दिला. त्यात एक बाई बोलते. तो लावायचा आणि रिक्षा हळूहळू चालवायची, एवढेच माझे काम.

सोमवारी वादळात मोठ्या लाइनचे टॉवर आडवे झाले आणि सातपुड्याच्या पायथ्याची सतरा गावे अंधारात गेली. मी हितेंद्रला म्हणालो की, तिकडे लाइट नाही, चार दिवस थांबू. तो म्हणाला की, लाइटचे खाते वेगळे आणि जाहिरातीचे वेगळे, तू तुझे काम कर. म्हणून काल गुरुवारी सकाळी मी उंबरविहिरे येथे गेलो.

मारुतीच्या पाराजवळ रिक्षा उभी करून मी भोंगा चालू केला. "दिवसा वीज वापरा, सवलतीचा लाभ घ्या," असे ती बाई मोठ्या आनंदाने सांगू लागली. गावाची पाण्याची मोटार बंद असल्याने बायका हंडे घेऊन हापशीवर उभ्या होत्या. मला लाज वाटली. त्यांच्यातील कुंदाबाई रिक्षाजवळ आल्या. त्यांना मी यापूर्वी ओळखत नव्हतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, सवलत तुनाजोडेच ऱ्हाऊ दे. दिवसले लाइट कोठे शे ते सांग."

मी भोंगा बंद केला. हा कशावर चालतो, असे त्यांनी विचारले. मी बॅटरी आणि इन्व्हर्टर दाखवला. तेव्हा त्यांनी हंडा तिथेच ठेवला आणि मला घरी नेले. त्यांचे सासरे जीवरामनाना खाटेवर बसून श्वास ओढत होते. त्यांना दम्याचा त्रास आहे. वाफेचे मशीन दिवसातून चार वेळा लावायचे असे सांगून दवाखान्यातून रविवारी घरी पाठवले होते. मशीन उशाशी बंद पडलेले होते.

बॅटरी इन्व्हर्टरसकट मी स्वतः काढली, स्वतः उचलली, स्वतः आत नेली. हे मी इथे तिसऱ्यांदा सांगत आहे. मशीन सुरू झाले. बऱ्याच वेळाने नाना मास्क बाजूला करून म्हणाले, "आते वाजाड तुना भोंगा. काय सांगस ते तं आयकू दे." मी सांगितले की, नाना, बॅटरी तुमच्याकडे, आता बाई मुकी झाली. नाना हसले आणि त्यांना पुन्हा ढास लागली, ती मात्र माझ्यामुळे.

हितेंद्रने अशी फिर्याद दिल्याचे समजते की, चाळीस-पन्नास जणांच्या जमावाने रिक्षा अडवून बॅटरी हिसकावली आणि कुंदाबाई पुढे होत्या. हितेंद्र त्या वेळी जळगावला होता. जमाव नव्हता. हिसकावाहिसकावी झाली नाही. मला कितीही वेळ बसवले तरी कुंदाबाईंचे नाव आरोपी म्हणून माझ्या तोंडून निघणार नाही. हे काम गेले तर जाऊ दे, म्हशी हरवायच्या थांबलेल्या नाहीत.

बॅटरी आता कुठे आहे असे विचारल्यावरून सांगतो की, ती नानांच्या खाटेखाली आहे आणि आज संध्याकाळपर्यंत उतरेल. गावात लाइट अजून आलेली नाही. घरची एक जुनी बॅटरी मी इथे येताना सोबत आणली आहे. सकाळी मला बाकावर बसवून ठेवले तेव्हा ती मी बाकामागच्या प्लगला चार्जिंगला लावली, कारण ठाण्याला जनरेटर आहे. हवालदारसाहेबांनी पाहिले, पण काढ म्हटले नाही. त्याबद्दल त्यांना कोणी बोलू नये. इथून सुटलो की मी ती घेऊन उंबरविहिऱ्याला जाणार आहे.

माझा जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. चार्जरचा हिरवा दिवा लागलेला नव्हता, म्हणून मी तो पुन्हा एकदा, सावकाश वाचून दाखवण्यास सांगितले. तेव्हाही बरोबर होता.